आधी माग, मग घाव

नागपूरजवळ कामठीला बहिणीकडे गेलो की माझं अंथरूण भाच्याच्या खोलीत पडतं, आणि त्या खोलीत रात्री एकच्या आत दिवा मालवत नाही. एकदा झोप येईना म्हणून त्याच्या हातातला कंट्रोलर मी मागून घेतला. पडद्यावर ग्रिफिन होता: धड सिंहाचं, चोच आणि पंख गरुडाचे. बोटांखाली जेवढी बटणं आली तेवढी मी दाबली. आठ वेळा मेलो. नवव्यांदा मरत असताना भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, तुम्ही पाहून नाही राहिले. नुसतं मारून राहिले."

या प्रकरणात मला जे सांगायचं आहे, ते त्याने एका वाक्यात सांगून टाकलं. तरी सविस्तर सांगतो, कारण राक्षस मारण्याच्या या खेळांबद्दल बाहेरून पाहणाऱ्याची समजूत नेमकी उलटी असते. त्याला वाटतं, पोरं नुसती तलवार फिरवतात.

आधी घाव म्हणजे काय ते पाहू. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साधारण ३० किंवा ६० वेळा बदलतं. राक्षसाचा एक घाव घ्या. तो बनवणाऱ्याच्या टेबलावर तीन तुकड्यांत कापलेला असतो. पहिला तुकडा उगारण्याचा: पंजा वर जातो, मान मागे जाते, छाती फुगते. दुसरा लागण्याचा, आणि तो सगळ्यात छोटा. तिसरा सावरण्याचा: वार रिकामा गेला की तोल सांभाळायला राक्षसाला काही क्षण लागतात. डोळ्याने पाहिलेल्या गोष्टीवर बोट हलवायला माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. सेकंदाला ६० चित्रं धरली तर ती १५ चित्रं झाली. उगारणं याहून कमी वेळात उरकलं तर जगातल्या कुठल्याही खेळाडूला ते चुकवता येणार नाही, आणि खेळ लबाड ठरेल. म्हणून चांगला राक्षस नेहमी आधी चाहूल देतो. ग्रिफिन मला आठ वेळा सांगून मारत होता. मी ऐकत नव्हतो.

चुकवायचं कसं, तर बहुतेक खेळांत लोळण घेऊन. त्या लोळणीतला अर्ध्या सेकंदाच्याही आतला एक तुकडा असा असतो की तलवार अंगातून आरपार गेली तरी लागत नाही. तलवारीभोवती आणि शरीराभोवती न दिसणाऱ्या पेट्या कल्पिलेल्या असतात. पेटीला पेटी भिडली की घाव लागला असं संगणक मानतो, आणि लोळणीच्या त्या तुकड्यात शरीराची पेटी तेवढी बंद करून ठेवलेली असते. पण लोळायलाही दम लागतो. पडद्याच्या कोपऱ्यात दमाची एक हिरवी किंवा पिवळी पट्टी असते. ती संपली की तुम्ही उभ्या उभ्या मार खाता. नागपूरकडच्या जुन्या तालमीत कुणाला हे सांगितलं, तर त्यात नवीन काय, असंच तो विचारेल. दमसास, पवित्रा, डाव, हुलकावणी या शब्दांवाचून कुस्ती बोलता येत नाही, आणि या शब्दांत हे सगळे खेळ मावतात.

हुलकावणीचा उस्ताद म्हणजे जपानचा हिदेताका मियाझाकी. फ्रॉमसॉफ्टवेअर या त्याच्या कंपनीचा 'एल्डन रिंग' फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. त्यात मार्गिट नावाचा एक शिंगाळ म्हातारा किल्ल्याच्या वाटेवर उभा असतो. तो काठी उगारतो आणि हात तसाच वर ठेवतो. उगारली की लोळायचं, हे तोवर तुमच्या बोटांना पाठ झालेलं असतं. तुम्ही लोळता, उठता, आणि तेव्हा काठी खाली येते. म्हणजे चाहूल ओळखायला शिकवलं आणि मग त्या शिकण्याचाच फायदा घेतला. पुढचा धडा असा की काठीकडे पाहायचं नाही, खांद्याकडे पाहायचं. खांदा खोटं बोलत नाही.

तिसरा तुकडा, सावरण्याचा, तो तुमचा. तेव्हा मारायचं. किती? एकदा, फार तर दोनदा. तिसरा वार लोभाचा. राक्षसाचा जीव केसाइतका उरलेला असताना त्या तिसऱ्या वारापायी मेला नाही असा खेळाडू मला अजून भेटायचा आहे.

'एल्डन रिंग'च्या सुरुवातीला आणखी एक खोड आहे. दार उघडून तुम्ही पहिल्यांदा मोकळ्या माळावर येता तो समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार फिरत असतो. नवखा त्याच्यावर धावून जातो आणि दोन फटक्यांत आडवा होतो. पुन्हा जातो, पुन्हा आडवा. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात येतं की माळ चारी बाजूंनी मोकळा आहे, इथे कुणी अडवलेलं नाही. वळसा घालून जाता येतं. दहा तासांनी चांगली ढाल आणि घोडा घेऊन परतता येतं. 'ओपन वर्ल्ड' म्हणतात ते या अर्थाने. जुन्या खेळांत राक्षस दारात बसलेला असायचा आणि त्याला मारल्याशिवाय पुढची खोली उघडत नसे. इथे पळून जाणं ही हार नाही. गनिमी काव्यावर वाढलेल्या मुलखाला हे समजावून सांगायला नको.

कॅपकॉमच्या 'मॉन्स्टर हंटर' मालिकेने (पहिला खेळ २००४) तर राक्षसाच्या जिवाची पट्टीच ठेवली नाही. किती उरला हे त्याच्या अंगावर वाचायचं. दमला की तोंडातून लाळ गळते. चिडला की श्वासाची वाफ दिसते. शेवटाला आला की लंगडत आपल्या घळीकडे जातो आणि झोपतो. झोपलेल्याच्या डोक्याशी बारुदाची पिंपं रचून ठेवायची, ही त्या खेळातली नेहमीची, शहाणपणाची चाल समजली जाते. मला ती कधी सुखाने करता आली नाही. लंगडत घरी जाणाऱ्या जनावराचा माग काढताना, शिकारीच्या जुन्या पुस्तकांतली पानं आठवत राहतात.

आणि जुन्या पुस्तकांशी या खेळांचं नातं माझ्या कल्पनेतलं नाही. भाच्याचा ग्रिफिन ज्या खेळातला, तो 'द विचर ३' हा मे २०१५ मध्ये आलेला पोलंडचा खेळ. सीडी प्रोजेक्ट रेड ही कंपनी वॉर्सॉची. मूळ कथा आंद्रे सापकोव्स्कीच्या, त्यातली पहिली १९८६ साली एका पोलिश मासिकात छापून आली. नायक गेराल्ट पैसे घेऊन राक्षस मारतो. पाठीवर दोन तलवारी: माणसांसाठी पोलादाची, राक्षसांसाठी चांदीची. गावाच्या चौकात एक फळी असते, तिच्यावर खिळ्याने ठोकलेले कागद: अमुक विहिरीवर काहीतरी आहे, तमुक वाटेवर माणसं नाहीशी होतात, मारणाऱ्यास इतकं बक्षीस.

ग्रिफिनचं काम मात्र फळीवर नसतं. ते देतो छावणीचा कप्तान. मुलूख नुकताच परक्या साम्राज्याने जिंकलेला आहे, गावाबाहेर त्यांच्या फौजेचा तळ पडलेला आहे, आणि गेराल्टला हवी असलेली बातमी त्या कप्तानापाशी आहे. ग्रिफिन मार, मग सांगतो, असा सौदा. गेराल्ट तलवार काढत नाही. तो आधी गावातल्या शिकाऱ्याकडे जातो. शिकारी त्याला रानात घेऊन जातो, जिथे ग्रिफिनने सैनिक मारले ती जागा दाखवतो. पुढे जळालेलं घरटं सापडतं. सैनिकांनी घरटं पेटवलं होतं आणि मादी मारली होती. नर तेव्हापासून पिसाटला. मग जडीबुटीवाल्या बाईकडून कळतं की नदीच्या तळाशी एक वनस्पती उगवते, तिला सडक्या मांसासारखा वास येतो, ग्रिफिनला ओढून आणायला ती चालेल. नदीत बुडी मारून ती आणायची. तलवारीला योग्य ते तेल लावायचं. आडोशाची जागा निवडायची. एवढं सगळं झाल्यावर लढाई, आणि ती चार-पाच मिनिटांची.

शिकाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर माग काढला, आमिषाचा गारा बांधला, दबा धरला, मग बार टाकला. क्रम तोच आहे.

आता कामठीचं पाहा. १८१७ साली सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचा पराभव झाला आणि १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हानच्या काठी ही छावणी वसवली. इथे मद्रासकडच्या पलटणी असत. कॅम्प टी वरून कामठी झालं असं गावात सांगतात. नावाच्या अशा गोष्टींवर मी फारसा भरवसा ठेवत नाही, पण गाव छावणीभोवती वाढलं हे खरं, आणि गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आजही तिथेच आहे. म्हणजे जिंकलेला मुलूख, नदी, फौजेचा तळ, आणि उत्तरेला रान. त्या खेळातल्या कप्तानाला कामठीत आणून बसवलं तर त्याला फार चुकल्यासारखं वाटणार नाही.

उत्तरेचं रान म्हणजे मनसर, देवलापार ओलांडून सिवनीपर्यंत पसरलेलं. तिथली पेंच नदी खाली वाहत येऊन कामठीजवळ कन्हानला मिळते. रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल हा सिवनीकडे नोकरीला असलेला अधिकारी. त्याने १८७७ मध्ये त्या रानातल्या शिकारीवर पुस्तक लिहिलं, आणि १८८४ मध्ये हिंदुस्थान व सिलोनच्या सस्तन प्राण्यांचा मोठा ग्रंथ काढला. किपलिंगने 'जंगल बुक'मध्ये सिवनीचं रान उभं केलं ते तिथे पाऊल न ठेवता. जेम्स फोर्सिथचं मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक १८७१ चं. त्यात तो बैतूलच्या रानात एका नरभक्षकाच्या मागावर आहे. या पुस्तकांत बार उडतो ते पान शोधावं लागतं. बाकीची पानं पाणवठे, वारा, ठसे, गुरं कुठे पडली, गावकरी काय म्हणाले, यांनी भरलेली. गोंड माणूस पुढे, साहेब मागे. वाचतो गोंड, नाव लागतं साहेबाचं. खेळातही त्या शिकाऱ्याचं आणि त्या जडीबुटीवालीचं नाव कुणाच्या लक्षात राहतं?

विचरच्या प्रत्येक राक्षसाचं एक पान असतं: कुठे राहतो, कशाला भितो, कोणतं तेल, कोणता मंत्र. ते वाचताना स्टर्नडेलच्या ग्रंथाची आठवण येते. साम्य बक्षिसाचंही आहे: स्टर्नडेलच्या काळात मारलेल्या प्रत्येक वाघामागे सरकार इनाम देत असे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० हून जास्त वाघ मारले गेले, असा अंदाज महेश रंगराजन या इतिहासकाराने मांडला आहे. फळीवरचा कागद इतका कामसू निघाला.

राक्षसाचा दुबळेपणा शोधून काढणं हा या खेळांचा जीव आहे, आणि त्याबाबतीत आपल्या पुराणांचा हात कुणी धरू नये. हिरण्यकशिपूने मागून घेतलेला वर आठवा. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. जमिनीवर नाही, आकाशात नाही. शस्त्राने नाही. खेळ बनवणाऱ्याने ही यादी भिंतीवर लावावी अशी आहे, कारण प्रत्येक अट ही एक बंद पेटी आहे आणि दोन पेट्यांच्या मधली फट शोधायची आहे. संध्याकाळ, उंबरठा, मांडी, नखं. कामठीहून मनसरपर्यंत जाऊन उजवीकडे वळलं की रामटेक. तिथल्या टेकडीवर वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली दोन नरसिंह मंदिरं आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. गंमत म्हणजे तिथल्या मूर्तीच्या मांडीवर हिरण्यकशिपू नाही. देव स्वस्थ बसला आहे. कोडं सुटल्यानंतरचा खेळाडू असाच मागे टेकून बसतो.

मराठी मुलखातून असा खेळ निघाला का? जवळ जाणारा एक निघाला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी', २०२०. मोकळ्या जगाचा नाही, ठरलेल्या वाटेने जाणारा. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळातली वाटावी अशी चपळ मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत त्रिशूळ आणि धनुष्य घेऊन निघते. भिंतीवर चार पावलं धावते, खांबाला गिरकी घेऊन वार करते. मल्लखांब पाहिलेल्याला ती गिरकी ओळखीची वाटेल. द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या वर्गात त्याला नामांकन मिळालं. उणीव म्हणाल तर राजीचे राक्षस गर्दीने येतात. एकेकाला ओळखून घ्यायची सवड मिळत नाही.

खरं तर यादी तयारच आहे. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीवर, झोटिंग ओसाड वाड्यात, वेताळ गावकुसाबाहेर, चकवा रानवाटेवर. प्रत्येकाची जागा, वेळ, खोड आणि उतारा ठरलेला. विचरमध्ये दुपारच्या उन्हात शेतात फिरणारी एक बाई आहे, पोलिश लोककथांतली. अन्यायाने मेलेली. तिला नुसत्या तलवारीने संपवता येत नाही. तिचे अवशेष आणि तिचं कंकण शोधून जाळावं लागतं. हे वाचून आपल्याकडच्या कुठल्याही आजीला आश्चर्य वाटणार नाही. भर दुपारी बारा वाजता विहिरीवर जाऊ नको, हे तिनेच सांगितलेलं असतं. चकव्यावर तर अख्खा खेळ उभा राहील: नकाशा असून वाट न सापडणं. नकाशावर भरवसा टाकणाऱ्या आजच्या खेळाडूला त्याच्याइतका जबर शत्रू दुसरा नाही.

नागपूरकरांची राक्षसीण मात्र रस्त्यावर येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची असं सांगतात. काळीचा संबंध कुणी पूतनेशी लावतं, कुणी इंग्रजांना सामील झाली म्हणून भोसल्यांच्या बाकाबाईशी. सोबत बडगे नावाचे पुतळे असतात, त्यांच्यावर महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत काय वाटेल ते लिहिलेलं. रोगराई घेऊन जा म्हणत तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. इथे कुणी एकटा वीर नाही, लोळण नाही, दमाची पट्टी नाही. सगळं शहर मिळून राक्षस बनवतं आणि सगळं शहर मिळून जाळतं.

कामठीत ड्रॅगन पॅलेस नावाचं बुद्धविहारही आहे. १९९९ मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने उभं राहिलं. भाच्याला लहानपणी तिथे नेलं तेव्हा ड्रॅगन कुठे आहे म्हणून तो रडला होता. आत शांत बसलेले बुद्ध होते. बोटांची माळ घालणाऱ्या अंगुलिमालाची गोष्ट त्याला तिथेच सांगितली. तो धावत येतो आणि चालणाऱ्या बुद्धांना गाठू शकत नाही. लढाईच होत नाही. भाच्याने तेव्हा विचारलं होतं, मग जिंकलं कोण?

ग्रिफिन शेवटी माझ्या हातून मेला, तिसऱ्या रात्री. मेल्यावर मला जळालेलं घरटं आठवत राहिलं, आणि त्याच्यामागून पांढरकवड्याची वाघीण. टी १, लोक तिला अवनी म्हणत. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात दोनेक वर्षांत १३ माणसं गेली, आणि ती तिच्या नावे लागली. तिला मारण्याच्या आदेशाचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात, मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०१८ मध्ये तिथेही स्थगिती मिळाली नाही. मग जो शोध सुरू झाला त्याला खेळातली कुठलीही मोहीम फिकी पडेल: कॅमेरे, ड्रोन, हत्ती, शिकारी कुत्रे, आणि वाघाला ओढून घेतो म्हणून एका परदेशी अत्तराचा वास. शोधासाठी आणलेला एक हत्ती सुटला आणि त्याच्या पायी एका बाईचा जीव गेला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ गोळी सुटली. बेशुद्ध करायचा प्रयत्न झाला होता का, नियम पाळले होते का, यावर पुढे चौकशा चालल्या. खेळात राक्षसाच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगत असतं. पांढरकवड्यात कुठला बळी कोणत्या जनावराचा, हेच आधी भांडून ठरवावं लागलं. शेतात कापूस वेचायला जायला भिणाऱ्या बायकांना मात्र त्या भांडणात वेळ घालवणं परवडणारं नव्हतं, आणि त्यांचं चुकत होतं असं मला म्हणवत नाही.

अवनीची दोन पिल्लं होती. मादी पिल्लू त्याच डिसेंबरात पकडून पेंचला आणलं, कुंपणात वाढवलं, आणि मार्च २०२१ मध्ये मोकळ्या रानात सोडलं. दोन आठवडेही झाले नाहीत. दुसऱ्या वाघिणीशी हद्दीवरून झुंज झाली, जखमा झाल्या आणि ती मेली.

भाच्याला हे सांगत होतो तेव्हा त्याने खेळ थांबवून ठेवला होता. पडद्यावर कुणीतरी पंजा उगारलेला, तसाच वर.

"तिला कुठून कळणार मामा," तो म्हणाला, "पाहायला शिकवणारी मायच कुठं होती तिची?"